पात्यावरचे नाव

लंडनच्या सोदबीजमध्ये २९ एप्रिल २०२५ रोजी लिलावाला निघालेल्या तलवारीचे छायाचित्र इंटरनेटवर कुणालाही पाहता येत होते. सरळ युरोपी पाते, सोन्याचे नक्षीकाम आणि पात्याच्या पाठीवर देवनागरी अक्षरे : 'श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग'. म्हणजे नागपूरकर भोसल्यांची, पहिल्या रघूजींची. महाराष्ट्रात गवगवा झाला तो अगदी आदल्या दिवशी. राज्य सरकारने मध्यस्थामार्फत ४७.१५ लाख रुपयांना ती मिळवली, १८ ऑगस्टला ती मुंबईत उतरली. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर ती इंग्रजांकडे गेली असावी, असा तर्क आहे.

नाव नसते, तर एक उत्तम फिरंगी पाते म्हणून ती कुणाच्याही संग्रहात गेली असती.

नाव घालायची रीत सरदारांपुरती नव्हती. लग्नात आलेल्या हंड्या-कळश्यांवरही ठोक्यांनी नावे घालत; देणाऱ्याचे, घेणाऱ्याचे, क्वचित गाव आणि सालही. आमच्या अंबडची शेती कारखान्यांखाली गेली, जुनी घरे पडली, तशी ही भांडी मोडीत निघाली. आता जुन्या वस्तूंचे व्यापारी त्यांची छायाचित्रे इंटरनेटवर टाकतात, पण चकचकीत बाजूने. काही जण पॉलिश करताना नावच घासून काढतात. मला हे लुटीइतकेच वाईट वाटते. काठावरच्या अक्षरांचे एक छायाचित्र जोडले, तरी पुष्कळ काम होईल. नाव आणि गाव हाती आले की पुढचा माग नाशिकातच लागू शकतो. रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गावांसह नोंदलेल्या आहेत.