तेर्स : एका तृतीयांशाची कुळकथा

दिवेलागणीच्या सुमारास इगर्जीची घंटा वाजली, म्हणजे गोव्यातील जुन्या वळणाच्या ख्रिस्ती कुटुंबात सारी माणसे हातचे काम बाजूस ठेवून घरच्या वेदीपुढे गुडघे टेकतात. आणि आजी, आई किंवा घरातील जे कोणी वडीलधारे असेल ते जपमाळेचा मणी बोटांत धरून ज्या प्रार्थनेला आरंभ करते, तिला तेथे ‘तेर्स’ म्हणतात. शब्द मूळचा पोर्तुगीज. त्याचा अर्थ एक तृतीयांश. ज्या उपासनेवर पिढ्यान्‌पिढ्यांची घरे उभी राहिली, तिला एका अपूर्णांकाचे नाव पडावे, याचे मला फार दिवस नवल वाटत आले आहे.

या अपूर्णांकाचा पूर्णांक शोधण्यासाठी मध्ययुगीन युरोपातील मठांत जावे लागते. तेथील विद्वान संन्यासी बायबलमधील दीडशे स्तोत्रे लॅटिनमध्ये पठण करीत. ज्या बांधवांना अक्षरओळख नव्हती, ते त्यांच्या जागी तितक्याच वेळा एखादी सोपी, मुखोद्गत प्रार्थना म्हणत आणि मोजदाद चुकू नये म्हणून दोरीच्या गाठींचा किंवा मण्यांचा आधार घेत. कालांतराने त्या दीडशेंची दहा-दहांची पंधरा दशके झाली, प्रत्येक दशकाला ख्रिस्ताच्या किंवा मरियेच्या चरित्रातील एकेक प्रसंग चिंतनासाठी नेमून दिला गेला, आणि 1569 साली पोप पाचवे पायस यांनी या पद्धतीवर अधिकृत मोहोर उठविली. या प्रसंगांना ‘रहस्ये’ म्हणतात: आनंदाची पाच, दुःखाची पाच, गौरवाची पाच. परंतु चूल, गोठा आणि शेत सांभाळणाऱ्या गृहस्थाला रोज पंधरा दशके कोठून परवडणार? त्याने त्यांपैकी पाच, म्हणजे मरियेला वंदन करणाऱ्या पन्नास ‘नमान मरिये’ प्रार्थना, आपल्या संसाराच्या वाट्याला घेतल्या. मठाचे व्रत घरात आले ते असे तिसऱ्या हिश्शाने. आणि माझ्या मते ते घरात टिकले, याचे एक कारण हेच, की माणसाला रोज झेपेल एवढेच त्याच्याकडून मागितले गेले.

मुलांसाठी आईबापांनी देवापुढे बसण्याची चाल मात्र जपमाळेहून कितीतरी जुनी आहे. बायबलमधील ईयोब मुलांच्या मेजवान्या आटोपल्या की पहाटे उठून त्यांच्या संख्येइतके होमबली अर्पण करी. न जाणो, एखाद्याने मनातल्या मनात देवाचा अनादर केला असेल, एवढीच त्याची शंका. आणि उत्तर आफ्रिकेतील थागास्त गावची मोनिका! तिचा बुद्धिमान, स्वच्छंद पुत्र ऑगस्टीन वर्षानुवर्षे तिच्या श्रद्धेपासून दूर भटकला. ती त्याच्यामागे समुद्र ओलांडून इटलीपर्यंत गेली. अखेर 387 साली मिलान येथे त्याने बाप्तिस्मा घेतला आणि त्याच वर्षी ओस्तिया बंदरात, परतीच्या वाटेवर, तिने देह ठेवला. या मुलाने पुढे आत्मकथन लिहिताना आईच्या आसवांना जे स्थान दिले, ते वाचल्यावर तिच्या प्रार्थनेचा परिणाम वेगळा सिद्ध करण्याची गरज उरत नाही.

गोव्यात पोर्तुगीजांचा अंमल 1510 साली बसला. त्या अंमलात धर्मप्रसाराबरोबर जुलूमही आला, 1560 पासून धर्मन्यायालयाची दहशत आली, हे विसरून ही कुळकथा सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. 1684 साली तर व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या मुदतीत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलावे, असे फर्माविले. मुदत संपली, कोकणी राहिली. देवाला ‘आमच्या बापा’ म्हणून हाक मारायला आईने ज्या भाषेत शिकविले, ती भाषा हुकमाने सुटत नाही. उलट राज्यकर्त्यांचाच शब्द आपला शेवटचा स्वर टाकून ‘तेर्स’ झाला आणि कोकणी घरात कायमचा नांदू लागला.

तेर्स पन्नासाव्या मण्याशी संपत नाही. त्यानंतर लादाईन, म्हणजे विनवण्यांची मालिका, होते, आणि मग आई एकेकाच्या नावाने ‘आमच्या बापा’ म्हणू लागते: मृतांसाठी, आजाऱ्यासाठी, परीक्षेला बसलेल्या मुलीसाठी, तारवावर गेलेल्या थोरल्यासाठी. पेंगुळलेल्या मुलांना ही शेपटी मुख्य प्रार्थनेहून लांब वाटते. परंतु माझी अशी धारणा आहे, की मनात सर्वांत खोल रुजते ती हीच. आपले नाव आईच्या तोंडून, पण आपल्याला उद्देशून नव्हे, तर आपल्यापेक्षा मोठ्या कोणाला उद्देशून उच्चारले जाताना ज्या मुलाने ऐकले आहे, त्याला पुढे कोठेही पूर्णपणे एकटे वाटणे कठीण.

पोटासाठी दूर जाणे या मुलांच्या नशिबी होतेच. एकोणिसाव्या शतकापासून मुंबईत आलेल्या गोवेकरांनी धोबीतलाव, माझगाव, कावेल या भागांत आपापल्या गावाच्या नावाने ‘कुडी’ उघडल्या. कूड म्हणजे खोली: ओळीने मांडलेल्या पेट्या, रात्री अंथरायच्या पथाऱ्या, आणि एका भिंतीशी गावच्या संताची वेदी. बोटीची वाट पाहणारा खलाशी, आचारी, वाजंत्री असे सारे तेथे स्वस्तात राहत. पण सायंकाळी वेदीपुढे हजर राहून तेर्स म्हणणे हा राहण्याच्या अटींचा भाग असे. घरी जे आईच्या धाकाने होत होते, ते येथे गावाने नियमात घातले.

2002 साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी पाच नवी रहस्ये जोडली; दशके वीस झाली आणि हिशेबाने तेर्स चतुर्थांश ठरला. घरांनी नाव बदलले नाही.

प्रार्थना आटोपली, की धाकटी माणसे हात जोडून थोरांपुढे ‘बेसांव’ मागतात. हाही शब्द पोर्तुगीजांचाच, अर्थ आशीर्वाद. रजेवर आलेला, केस पिकू लागलेला तारवटीसुद्धा पेटी उघडण्याआधी म्हाताऱ्या आईपुढे मान लववून उभा राहतो, आणि ती उजवा हात उचलते.