ओल्या फळ्यांची खोपट

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं आणि करंज्याच्या आमच्या वाडीतला रायवळ आंबा आडवा झाला. आजोबांच्या आधीपासूनचं झाड. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, फांद्या चुलीत गेल्या, आणि खोड पावसाळाभर तसंच पडून राहिलं. तेव्हा माझं वर्क फ्रॉम होम चालू होतं, हाताला खाज होती, आणि यूट्यूबवर अमेरिकेतली माणसं घरच्या झाडाच्या फळ्या पाडून झकास शेड उभारताना दिसत होती. म्हटलं, आपणही जाळी आणि इंजिनाचं सामान ठेवायला एक खोपट बांधू!

दिवाळीनंतर चेन सॉ वाला माणूस अंगणातच आला. दोन दिवसांत खोडाच्या नऊ-नऊ इंच रुंद फळ्या पडल्या. काका म्हणाले, "लाकूड ओलं हाय. थांब जरा." पण आम्ही इंजिनिअर! त्याच वीकएंडला फळ्या उभ्या लावल्या, एकीला एक चिकटवून, दोन्ही कडांना खिळे ठोकून. फोटो ग्रुपवर टाकले, लाइक्स आले.

एप्रिलमध्ये पाहतो तर दोन फळ्यांमधून पेन्सिल आरपार जात होती. तीन फळ्या मधोमध उभ्या तडकल्या होत्या, आणि भोकांतून पिठासारखा भुसा गळत होता.

कारण साधं आहे. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी गेलं तरी लाकूड हलकं होतं, बस. पण ओलावा साधारण 30 टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतीतलं पाणी जायला लागतं आणि लाकूड आकसतं. लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत मात्र चांगलंच. दोन्ही कडा खिळ्यांनी जखडल्या तर बिचारी फळी आकसणार कुठे? मग ती फुटते. ओली फळी लावायचीच असेल तर खिळा मध्यावर मारायचा, दोन फळ्यांमधली फट गृहीतच धरायची, आणि वरून एक अरुंद पट्टी मारून ती झाकायची. आणि भुंगेरा आंब्याच्या लाकडाला लागतोच. बोरॅक्सचं पाणी आधीच मारायला हवं होतं.

काकांना हे सगळं कौतुकाने समजावून सांगितलं. ते म्हणाले, "आपल्यात फळ्यांची भिंत कोण करायचा? कुडाची असायची. कारवी आणायची डोंगरातून, बांधायची, वर शेणमाती. ती आकसली तरी परत लिंपायची." मग थोडं थांबून म्हणाले, "पण डोंगरातून आणू कुठे देत होते?"

या शेवटच्या वाक्याने माझे पुढचे चार वीकएंड खाल्ले.

प्रश्न जुना आहे. 1715 च्या सुमाराचं 'आज्ञापत्र' रामचंद्रपंत अमात्यांचं मानलं जातं. त्यात आरमारासाठी लाकूड कसं मिळवावं याची सूचना आहे. राज्यातल्या अरण्यातलं सागवान वगैरे लागेल ते परवानगीने तोडावं, पण रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरासारखी वाढवलेली असतात. एखादं झाड अगदी जीर्ण असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावं. म्हणजे आरमाराची गरज असली तरी मालकाला आधी विचारायचं. प्रत्यक्षात हे किती पाळलं गेलं हा वेगळा मुद्दा, पण लिहून ठेवावंसं वाटलं हेही थोडं नाही.

पुढे कंपनी सरकार आलं. 1782 च्या सालबाईच्या तहाने करंजा बेट इंग्रजांकडेच राहिलं. (तेव्हा उरणच्या अख्ख्या बेटालाच करंजा म्हणत.) समोर मुंबई वाढत होती. तिला गोदीसाठी साग हवा होता, घरांसाठी वासे, चुलींसाठी सरपण. 1853 ला बोरीबंदर-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढे स्लीपर्सची भूक त्यात मिळाली. जंगल संपत चाललंय हे सरकारला दिसत होतंच. मुंबई इलाख्यात 1847 मध्येच डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांना जंगलांचे कॉन्झर्व्हेटर नेमलं होतं. मग 1865 चा जंगल कायदा आला आणि 1878 चा त्याहून कडक. डोंगर 'राखीव' झाले. कालपर्यंत जो हक्क होता, तो आता सवलत झाला, आणि सवलत काढून घेता येते.

यात घरापेक्षाही भात जास्त अडलं. आपल्याकडे रोपांच्या वाफ्यावर टहाळ, पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, तो राब. टहाळ तोडायला बंदी म्हणजे राब नाही, आणि राब नाही तर रोप जोमदार होत नाही. ठाणे-कुलाब्यातून इतक्या तक्रारी गेल्या की सरकारला 1885 मध्ये खास फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. तरी मूळ प्रश्न सुटला नाही.

आणि मग 1930. मिठाचा सत्याग्रह एप्रिलमध्ये सुरू झाला, पण पावसाळ्यात मीठ कसं करणार? महाराष्ट्रात जंगलचा कायदा मोडायचं ठरलं. 10 जुलैला बापूजी अणे यांनी पुसदला सुरुवात केली. 25 सप्टेंबरला आमच्या चिरनेरला, अक्कादेवीच्या डोंगरावर, आसपासच्या गावांतले आगरी, कोळी, कातकरी हजारोंनी कोयते-कुऱ्हाडी घेऊन चढले. पोलिसांनी गोळीबार केला. आठ गावकरी मेले. त्यात नाग्या महादू कातकरी होता. त्या गोंधळात मामलेदारही मारले गेले. मग धरपकड, खटला.

करंज्याहून चिरनेर गाडीने फार लांब नाही. शाळेत असताना सहलीला तिथलं हुतात्मा स्मारक पाहिलं होतं, तेव्हा डोक्यात फक्त 'स्वातंत्र्यलढा' एवढंच शिरलं. ती माणसं ज्यासाठी गेली ती वस्तू माझ्या अंगणात पडली होती, हे आत्ता कळलं. वासा, कारवी, टहाळ, सरपण... घर आणि भात.

आता जंगल वाचवायला नको का? नक्कीच हवं. मुंबई-पनवेल पट्ट्यात राहणाऱ्याने तरी हा प्रश्न विचारू नये. पण जंगल कारवीच्या मोळ्यांनी उजाड झालं की शहराच्या भुकेने, याचा हिशेब न करता बंदी आधी मोळीवाल्यावर आली. 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याने स्वतःच्या जमिनीतला आंबा, फणस, सागसुद्धा परवानगीशिवाय तोडता येत नाही. मला तो कायदा पटतो. पण माझं झाड वादळाने पाडलं, माझ्याकडे सातबारा होता, फाइल होती. नाग्याकडे यातलं काय होतं? वनात राहणाऱ्यांचे हक्क मान्य करणारा कायदा यायला 2006 उजाडलं.

असो. खोपट मे महिन्यात पुन्हा सोडवली. उरलेल्या फळ्यांना बोरॅक्स मारलं, खिळे मध्यावर घेतले, फटींवर पट्ट्या मारल्या. तडकलेल्या तीन फळ्यांच्या जागी काकांनी कारवीचा कुड बांधून लिंपला. कारवी विकत आणली, हे सांगायला नको. पहिला पाऊस पडला तेव्हा फळ्यांच्या बाजूने थोडं गळलं. कुडाच्या बाजूने थेंब नाही.