एका रात्रीची जागा

काही वर्षांपूर्वी ॲरिझोनात भाच्याकडे गेलो होतो. रात्री दहाच्या सुमाराला दूध आणायला आम्ही गावाबाहेरच्या वॉलमार्टमध्ये गेलो. दुकानासमोरचं पार्किंगचं आवार एवढं मोठं, की आपल्याकडे त्यात तालुक्याचा आठवडे बाजार भरला असता. त्याच्या पार टोकाला दिव्यांच्या खांबांखाली सात-आठ लांबलचक गाड्या ओळीनं उभ्या होत्या. खिडक्यांना पडदे होते. एका पडद्यामागे उजेड होता आणि कुणीतरी भांडी विसळत असल्यासारखी सावली हलत होती.

मी विचारलं, "हे लोक कोण?"

"आरव्हीवाले, मामू. रात्रीपुरते थांबतील, सकाळी निघून जातील."

"भाडं किती?"

"काहीच नाही."

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, संडास, पाण्याची टाकी, सगळं असतं. असं घर घेऊन अमेरिकेत लाखो माणसं फिरतात. अंधार पडला की त्यांच्यापुढे दोन रस्ते असतात. एक, पैसे भरून कॅम्पग्राउंडवर जायचं. तिथे वीज मिळते, नळ मिळतो, मैला सोडायची सोय असते, झाडाखाली खुर्ची टाकून बसता येतं. रात्रीचे चाळीस-पन्नास डॉलर सहज जातात. दुसरा, एखाद्या मोठ्या दुकानाच्या आवारात गाडी उभी करून झोपायचं. तिथे फक्त जागा मिळते, बाकी सगळं गाडीतल्या टाकीवर आणि बॅटरीवर. अशा बिनसोयीच्या मुक्कामाला तिकडे 'बूनडॉकिंग' म्हणतात. या शब्दाचं मूळ फिलिपिन्सच्या टागालोग भाषेतला 'बुंदोक', म्हणजे डोंगर. अमेरिकी सैनिकांनी तो मायदेशी नेला. डोंगराचा शब्द शेवटी दुकानासमोरच्या डांबरावर येऊन पडला, याची मला मोठी गंमत वाटते.

कॅम्पग्राउंडचे मालक या फुकट मुक्कामावर चिडतात. त्यांचं म्हणणं खोटं नाही. ते परवाने काढतात, कर भरतात, सांडपाण्याची तपासणी करून घेतात, आणि शेजारचं दुकान यातलं काहीच न करता त्यांचं गिऱ्हाईक नेतं. म्हणून अनेक गावांत त्यांनी नगर परिषदेकडे धाव घेतली आणि रात्रीच्या मुक्कामाला मनाई करणारे नियम झाले. ऐकणाऱ्याला वाटेल, कॅम्पग्राउंड ही जुनी रीत आणि दुकानाचं आवार ही नवी पळवाट. इतिहास मात्र उलटा आहे.

फोर्डची टी-मॉडेल गाडी १९०८ साली आली आणि १९२५ पर्यंत तिची किंमत तीनशे डॉलरच्या आत उतरली. कारकून, शेतकरी, शिक्षक कुटुंबासकट रस्त्यावर आले. हॉटेलं असायची शहराच्या मध्यभागी, स्टेशनाजवळ. धुळीनं माखलेल्या कपड्यांनी तिथल्या दिवाणखान्यात शिरायचा आणि नोकरांना बक्षिशी द्यायचा या लोकांना संकोच वाटे. त्यापेक्षा शेताच्या कडेला, शाळेच्या पटांगणात तंबू ठोकलेला बरा. मग शेतकरी कुरकुरू लागले, कारण पाहुणे फळं तोडत आणि रिकामे डबे टाकून जात. (डबाबंद अन्नावर जगणाऱ्या अशा प्रवाशांनी १९१९ साली फ्लोरिडातल्या टँपा इथे 'टिन कॅन टुरिस्ट्स' नावाची संघटनाच काढली. गाडीच्या रेडिएटरच्या झाकणावर डाग देऊन बसवलेला पत्र्याचा डबा ही त्यांची खूण.)

यावर गावांनी तोडगा काढला. नगरपालिकेनं गावाजवळ मैदान राखायचं, पाणी द्यायचं, संडास बांधायचे आणि प्रवाशांना तिथे मुक्काम करू द्यायचा. तोही फुकट. व्यापाऱ्यांचा हिशेब साधा होता. जो रात्री गावात राहील तो सकाळी पेट्रोल, ब्रेड, बटाटे गावातच घेईल. गावागावांत चढाओढ लागली. डेन्व्हर शहराच्या ओव्हरलँड पार्कच्या तळावर दुकान, खानावळ, न्हाव्याची खुर्ची, कपडे धुण्याची जागा, सगळं होतं. म्हणजे आज वॉलमार्ट जो हिशेब करतं, तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेच्या नगरपालिका करत होत्या.

मग तळावर जुन्या, खिळखिळ्या गाड्या येऊ लागल्या. त्यांतली माणसं सुट्टीवर निघालेली नव्हती, काम शोधत फिरणारी होती. ती एक रात्र राहून जात नसत, कारण जायला ठिकाण नव्हतं. तक्रारी सुरू झाल्या आणि १९२३-२४ पासून तळांवर पाटी लागली: रात्रीचे पंचवीस सेंट, पन्नास सेंट. त्यासोबत नाव नोंदवा, इतके दिवसच राहा, असे नियम आले. या फीमध्ये पैसा मिळवण्यापेक्षा माणसं निवडण्याचा हेतू जास्त होता. एकदा फी आली म्हटल्यावर खाजगी माणसालाही धंदा दिसला. तंबूच्या जागी खोल्या आल्या आणि डिसेंबर १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुई ओबिस्पो इथे 'मोटेल' हा नवा शब्द पाटीवर चढला.

निवड नुसत्या पैशानं होत नव्हती. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात १९३९ साली लुईस माउंटन नावाचा तळ उघडला, तो काळ्या प्रवाशांसाठी वेगळा काढलेला. उद्यान केंद्र सरकारचं, पण भेदभाव त्या राज्याच्या रिवाजाप्रमाणे. तो पुरता संपायला १९५० उजाडलं. मुक्कामाला कुठे दार उघडेल हे सांगणारं 'ग्रीन बुक' काळे प्रवासी १९३६ पासून गाडीत बाळगत होते. त्याच १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलीसप्रमुखानं कॅलिफोर्नियाच्या सीमेवर शंभरावर पोलीस उभे केले होते, दुष्काळातून पळून येणाऱ्या गरिबांना परत पाठवायला. रस्ता तोच होता आणि गाड्याही त्याच बनावटीच्या.

१९६२ साल या गोष्टीत मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या वर्षी सिएटलला जागतिक प्रदर्शन भरलं होतं. तिकडे निघालेल्या गाड्यांची रीघ मोंटानातल्या बिलिंग्ज गावातून जाऊ लागली. डेव्ह ड्रम या गृहस्थानं यलोस्टोन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर तळ उघडला, गरम पाण्याच्या अंघोळीसकट. त्यातून 'केओए' ही कॅम्पग्राउंडची साखळी उभी राहिली. आज तिचे पाचशेहून जास्त तळ आहेत. आणि त्याच वर्षी, २ जुलैला, आर्कान्सामधल्या रॉजर्स इथे सॅम वॉल्टननं पहिलं वॉलमार्ट उघडलं. पुढे भांडणारी ही दोन घराणी एकाच वर्षी जन्मली.

वॉलमार्टचं आवार एवढं मोठं, कारण ते नाताळच्या गर्दीच्या मापानं आखलेलं असतं. एरवी, विशेषतः रात्री, ते ओसाड पडतं. तिथे आरव्ही थांबली तर दुकानाचं काही जात नाही, उलट सकाळी चार डॉलर येतात. परवानगी द्यायची की नाही, हे त्या त्या दुकानाचा मॅनेजर गावचा नियम बघून ठरवतो. आरव्हीवाल्यांनीही आपापसात शिस्त बांधून घेतली आहे: विचारून थांबायचं, एकच रात्र, बाहेर खुर्च्या मांडायच्या नाहीत, छत पसरायचं नाही, सांडपाणी सोडायचं नाही, आणि निघताना दुकानातून काहीतरी घ्यायचं. थोडक्यात, इथे राहतोय असं दिसू द्यायचं नाही.

ही शेवटची अट मला अस्वस्थ करते. आमच्यात जकात कुणाला द्यावी त्याचे आठ हक्कदार सांगितले आहेत, त्यात एक आहे मुसाफिर. अरबीत त्याला 'वाटेचा मुलगा' म्हणतात. घरी श्रीमंत का असेना, वाटेत अडला की तो हक्कदार. अमेरिकेच्या रस्त्यावर मात्र पहिला प्रश्न असतो, तुला मागे घर आहे का? घर असेल तर तू पर्यटक. नसेल तर त्याच गाडीत, त्याच जागी तू बेघर. २००८ च्या मंदीनंतर दुसऱ्या प्रकारची माणसं वाढली. जेसिका ब्रूडर यांनी २०१७ च्या 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकिगत मांडली. म्हातारपणी गाडीत संसार थाटून हंगामी कामं शोधत फिरणाऱ्या माणसांची.

न्यायालयांनाही ही रेषा ओढता आलेली नाही. गाडीत राहण्याला मनाई करणारा लॉस एंजेलिसचा नियम २०१४ मध्ये अपील न्यायालयानं रद्द केला. कारण असं दिलं, की तो इतका मोघम आहे की सुट्टीवर आलेला आरव्हीवालाही त्यात सापडेल, आणि पकडायचं कुणाला हे पोलिसांच्या मर्जीवर राहील. पुढे २८ जून २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं ओरेगनमधल्या ग्रँट्स पास गावाच्या खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितलं, की जायला निवारा नसला तरी सार्वजनिक जागेत मुक्काम करणाऱ्याला गाव दंड करू शकतं. सार्वजनिक जागा गेली, म्हणजे उरलं दुकानाचं आवार, आणि तिथला मॅनेजर.

त्या रात्री दूध घेऊन बाहेर पडलो तेव्हा आरव्हींच्या रांगेपासून बरीच दूर एक छोटी, साधी मोटार दिसली. काचांना आतून पुठ्ठे लावलेले होते आणि मागच्या सीटच्या बाजूला टॉवेल अडकवला होता. भाच्यानं मोजलेल्या गाड्यांत ती नव्हती. माझ्याही नव्हती.