माऊंट न करता

फाईलसिस्टीमची इमेज म्हणजे शेवटी एक साधी फाईलच. तुमच्या होम डिरेक्टरीत पडलेली, तुमच्याच मालकीची. मग तिच्यात चार फाईली टाकायला रूट कशाला व्हावं लागतं?

लिनक्सवरची जुनी रीत अशी: डीडीने रिकामी फाईल बनवा, तिच्यावर एमकेएफएस चालवा, लूप डिव्हाईस लावून माऊंट करा, कॉपी करा, अनमाऊंट करा. आता माऊंट आलं म्हणजे रूट आलाच, कारण इमेज थेट कर्नलच्या हवाली होते. मग अख्खी बिल्ड स्क्रिप्टच सुडोने चालवायची. त्यात माऊंटपॉइंटचं व्हेरिएबल रिकामं राहिलं तर? इमेजमधली पासवर्ड फाईल तुमच्याच मशीनच्या पासवर्ड फाईलवर जाऊन बसणार!

गंमत म्हणजे युनिक्सकडे याचं उत्तर होतं. १९७९ च्या सातव्या आवृत्तीतल्या एमकेएफएसला 'प्रोटो' नावाची टेक्स्ट फाईल देता यायची. एकेका ओळीत नाव, परवानग्या, मालक आणि गटाचे आकडे, मजकूर कुठून उचलायचा ते. डिरेक्टरी संपली की डॉलरचं चिन्ह. आयनोड, ब्लॉक सगळं हा प्रोग्रॅम स्वतःच मांडायचा, माऊंटची भानगडच नाही. फाईल रूटच्या मालकीची हवी? शून्य लिहा. डिस्कवर मालक म्हणजे नुसता एक आकडा, तो लिहायला कोणाची परवानगी हवी?

एक्सएफएसने हा पर्याय जपला. एक्स्ट२ कुटुंबाच्या वाट्याला मात्र तो आला नाही. डीबगएफएसने एकेक फाईल आत ढकलता येते, पण ते म्हणजे चमच्याने हौद भरणं. फेकरूट प्रोग्रॅमला थाप मारतो की तू रूट आहेस. कर्नल काही त्या थापेला भुलत नाही, त्यामुळे माऊंट अडतंच. तिकडे नेटबीएसडीवाल्यांनी २००२ च्या १.६ आवृत्तीत मेकएफएस देऊन टाकलं. (ही मंडळी असल्या बाबतीत नेहमीच शिस्तीची.)

लिनक्सवर एमकेईटूएफएसला 'डॅश डी' आला तो २०१६ साली, १.४३ मध्ये. एम्बेडेडवाल्यांना, विशेषतः योक्टोवाल्यांना, रूटशिवाय बिल्ड हवी होती, तिथून हा रेटा आला. डिरेक्टरी दाखवा, इमेज भरून मिळते. फक्त मालकही त्या डिरेक्टरीतलेच उचलले जातात, म्हणजे तुम्ही! म्हणून भोवती फेकरूट गुंडाळायचा. इथे त्याची थाप चालते, कारण मध्ये कर्नलचं माऊंट नाही. २०२४ च्या १.४७.१ पासून डिरेक्टरीऐवजी टार फाईलही चालते, आणि टारमध्ये मालकांचे आकडे आधीच लिहिलेले असतात. अगदी प्रोटो फाईलमध्ये असायचे तसे.