सुधारित करविवरणपत्र (अमेरिकेतील भारतीय विद्यार्थी व शैक्षणिक कर्जाचे व्याज)

अमेरिकेत एकदा भरलेल्या प्राप्तिकर विवरणपत्रातली चूक दुरुस्त करण्यासाठी, किंवा राहून गेलेली वजावट मागण्यासाठी पुन्हा भरायचे विवरणपत्र. ते ‘१०४०-एक्स’ या फॉर्मवर भरतात. एफ-१ व्हिसावर आलेल्या भारतीय विद्यार्थ्यांवर ही वेळ बहुधा दोन कारणांनी येते : कर्जाचे व्याज दाखवायचे राहिले, नाही तर मुळात फॉर्मच चुकला.

व्याजाची वजावट १९९७ च्या कायद्याने आली. तिची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० डॉलर आहे आणि प्रमाणित वजावटीच्या जोडीने ती मिळते. अमेरिकी सावकार ६०० डॉलर किंवा त्याहून जास्त व्याज घेतल्यास ‘१०९८-ई’ हा फॉर्म पाठवतो. भारतीय बँक पाठवत नाही. तेवढ्यावरून आपला हक्कच नाही असे पुष्कळजण धरून चालतात. तो गैरसमज आहे. कर्ज पुण्यातल्या बँकेचे असले तरी चालते. मात्र ते केवळ शिक्षणखर्चासाठी घेतलेले, विद्यार्थी स्वतः कर्जदार असलेले आणि नातेवाइकाकडून न घेतलेले हवे. विवाहित असून स्वतंत्र विवरणपत्र भरणाऱ्याला ही वजावट नाही. उत्पन्नाचीही अट आहे : २०२४ साठी अविवाहिताची वजावट ८०,००० डॉलरपासून कमी होत जाते आणि ९५,००० ला संपते.

खरी किचकट बाब सहकर्जदाराची. आपल्याकडे कर्जाच्या कागदांवर वडिलांची किंवा आईची सही असतेच. कर्ज फेडण्याची कायदेशीर जबाबदारी नसलेल्या कुणी विद्यार्थ्याच्या वतीने व्याज भरले, तर ते विद्यार्थ्यानेच भरले असे मानतात. सहकर्जदाराने भरलेल्या व्याजाला ही सवलत लागू नाही. म्हणून हप्ता कोणाच्या खात्यातून गेला, हे पाहावे लागते. दुसरी अडचण तारखांची. बँकेचे व्याज प्रमाणपत्र एप्रिल ते मार्चचे, अमेरिकेचे करवर्ष जानेवारी ते डिसेंबरचे. प्रमाणपत्रावरचा आकडा जसाच्या तसा उतरवून चालत नाही. खातेउतारा घेऊन महिन्यामहिन्याचे व्याज वेचावे लागते.

समजा, २०२४ मध्ये ओपीटीवर (एफ-१ विद्यार्थ्याला मिळणाऱ्या प्रशिक्षणार्थी नोकरीच्या परवानगीवर) ७५,००० डॉलर पगार असलेल्या अविवाहिताने १,६६,००० रुपये व्याज भरले. डॉलर ८३ रुपयांचा धरल्यास ही वजावट २,००० डॉलरची. २२ टक्क्यांच्या टप्प्यात तिचे ४४० डॉलर वाचतात.

फॉर्म चुकण्याची गोष्ट वेगळी. एफ-१ विद्यार्थी सहसा पहिली पाच कॅलेंडर वर्षे करापुरता अनिवासी असतो आणि त्याचा फॉर्म ‘१०४०-एनआर’. ऑगस्ट २०२१ मध्ये उतरलेल्याचे २०२१ हेही पूर्ण वर्ष धरले जाते. निवासींसाठीच्या सॉफ्टवेअरवर घाईने साधा ‘१०४०’ भरणारे मग शिक्षणाची अशी सवलत घेऊन बसतात, जी अनिवासीला मिळत नाही. तिच्यापैकी १,००० डॉलरपर्यंत रोख परतावाही असतो. भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मात्र १९८९ च्या भारत-अमेरिका करकराराच्या कलम २१ मुळे अनिवासी असूनही मिळते. अशी दुरुस्ती करताना ‘१०४०-एक्स’च्या पहिल्या पानावर नाव, पत्ता व क्रमांक एवढेच लिहून, कारण नमूद करून, माथ्यावर ‘सुधारित’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लिहिलेला ‘१०४०-एनआर’ जोडतात. यात व्याजाचा फायदा आणि परत करायची सवलत यांची वजाबाकी होते, आणि देणे निघू शकते. तरीही अमेरिकी करखात्याची (आयआरएसची) नोटीस येण्याआधी स्वतःहून भरलेले बरे. थकलेल्या करावरचे व्याज तेवढे कमी चढते.

परताव्याची मागणी मूळ विवरणपत्र भरल्यापासून ३ वर्षांत किंवा कर भरल्यापासून २ वर्षांत, यांतली नंतरची तारीख गाठून करावी लागते. मुदतीआधी भरलेले विवरणपत्र मुदतीच्या दिवशीच भरले असे धरतात; त्यामुळे २०२३ सालचे, मार्च २०२४ मध्ये भरलेले विवरणपत्र १५ एप्रिल २०२७ पर्यंत सुधारता येते. निकालाला ८ ते १२ आठवडे, कधी १६ लागतात. राज्याचा प्राप्तिकर असेल तर त्याचे विवरणपत्र वेगळे सुधारावे लागते.