डबाबंद श्वानखाद्य

मांस, पाणी, स्निग्ध पदार्थ, खनिजे व जीवनसत्त्वे यांचे हवाबंद डब्यात उष्णतेने निर्जंतुक केलेले, कुत्र्यांसाठीचे मिश्रण (पहा : अन्नपरिरक्षण).

अमेरिकेत १९२२ साली घोड्याच्या मांसापासून बनवलेले ‘केन-एल रेशन’ बाजारात आले. दुसऱ्या महायुद्धात डब्याच्या पत्र्यावर निर्बंध आले आणि कोरड्या खाद्याने जम बसवला.

वेष्टनावरील घटक शिजवण्यापूर्वीच्या वजनानुसार उतरत्या क्रमाने असतात. ताज्या मांसात बहुतांश पाणीच असल्याने ते सहज पहिल्या स्थानी येते. नावातही बरेच दडलेले असते. अमेरिकी नियमांनुसार, मिसळलेले पाणी वगळता, ‘चिकन डॉग फूड’मध्ये ९५ टक्के चिकन हवे, ‘चिकन डिनर’मध्ये २५, ‘विथ चिकन’ला मात्र ३ टक्के पुरतात आणि ‘चिकन फ्लेवर’ला किमान प्रमाणाचे बंधन नाही.

तुलना शुष्कांशावर करावी लागते. डब्यावर प्रथिने ८ टक्के व ओलावा ७८ टक्के असल्यास शुष्कांश २२ उरतो. त्यात प्रथिने सुमारे ३६ टक्के भरतात. कोरड्या खाद्यातील २६ टक्के प्रथिने, १० टक्के ओलावा धरता, सुमारे २९ टक्केच ठरतात. प्रौढ कुत्र्यासाठी शुष्कांशात किमान १८ टक्के, पिल्लासाठी २२.५ टक्के प्रथिने आवश्यक मानतात (पहा : प्रथिने).

आकडा प्रथिनांची प्रत सांगत नाही. नेहमीच्या चाचणीत नायट्रोजन मोजून प्रथिनांचा हिशोब होतो. नायट्रोजनयुक्त मेलामाइनची भेसळ त्यातूनच निसटली. २००७ साली उत्तर अमेरिकेत कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडे निकामी झाली आणि लक्षावधी डबे व पाकिटे परत मागवावी लागली.