रेती प्रारंभ
बुद्धिबळातील पार्श्वप्रारंभांपैकी एक. रिखार्ड रेती (१८८९–१९२९) या चेकोस्लोव्हाक खेळाडूचे नाव त्याला मिळाले. पांढरा पहिल्या खेळीत राजाकडील घोडा एफ-३ वर आणतो, बहुधा सी-४ प्यादे सरकवतो, जी-३ खेळून उंट जी-२ वर बसवतो आणि किल्लेकोट करतो. या मांडणीत पांढरा मध्य सोडून देतो, असा आक्षेप घेतला जातो. प्रत्यक्षात तो मध्यातील कारवाई पुढे ढकलतो आणि तोवर उंटाच्या तिरप्या माऱ्याने मध्याच्या घरांवर दाब ठेवतो. न्यूयॉर्क येथील १९२४ च्या स्पर्धेत बोगोल्युबोव्हविरुद्धच्या डावात रेतीने आठव्या खेळीत डी-४ व पंधराव्या खेळीत ई-४ खेळून मध्य उघडला आणि पंचविसाव्या खेळीत डाव जिंकला. याच स्पर्धेत त्याने जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवले.

मात्र तिथेच माजी जगज्जेत्या इमॅन्युएल लास्करने सी-६, डी-५ अशी प्यादी व एफ-५ वर उंट ठेवून रेतीला हरवले. म्हणजे दाब परतवता येतो. तरीही त्यातून प्रारंभाची मर्यादा दिसते, कल्पनेची चूक नव्हे. ही कल्पना भारतातही नवी नव्हती. बुद्धिबळाच्या जुन्या भारतीय पद्धतीत प्यादे आरंभीही एकच घर चाले, त्यामुळे उंट बाजूने काढणे येथील खेळाडूंना परके नव्हते. कोलकात्यात महेशचंद्र बॅनर्जी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटिश खेळाडू कॉक्रनविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी अशीच मांडणी वापरली.